फवारा कोणाच्या नाकात?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘प्रेमाच्या हार्मोन’चा लेख (ऑक्सिटोसिनचा फवारा नाकात मारला की स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, प्रौढांना माणसं उमगू लागतात, असा) सकाळी नऊच्या आत तीन नातेवाइकांनी मला धाडला. खाली एकच ओळ, “दादासाठी बघ ना!” दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय ४४, स्वमग्न.

२०१०चा फ्रान्समधला प्रयोग लेखिकेने छान रंगवलाय. ऑक्सिटोसिन हुंगून स्वमग्न माणसं संगणकाच्या खेळात चेंडू देणारा भिडू ओळखू लागली, हे खरं. पण माणसं होती तेरा! पुढे जपानमध्ये १०६ प्रौढ पुरुषांवर सहा आठवडे प्रयोग झाला, मुख्य कसोटीवर खरा फवारा आणि खोटा फवारा सारखेच. २०२१मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगाचा निकाल आला, २९० मुलांवर २४ आठवडे, तिथेही तेच. एवढ्या दोन ओळींना जागा नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पोराच्या फोटोला मात्र अर्धं पान. लेख प्रौढांवर होता ना?

लेख पाठवणाऱ्यांत पहिला नंबर काकूचा. तिनेच एका लग्नात दादाला म्हटलं होतं, “ये रे कधीही, तुझंच घर आहे.” दादा मंगळवारी दुपारी अडीचला गेला. दोन बस बदलून, पाव किलो पेढे घेऊन. काकूची झोपायची वेळ. तिने जाळीचं दार न उघडताच आतून “आज बरं नाही रे” म्हणून त्याला परत लावलं आणि आईला फोन केला, “त्याला जरा समजावत जा.” पेढे परत आले. रात्री दादाने वहीत लिहिलं : ‘तुझंच घर = नाही.’ त्याच्या वहीत अशी चार पानं आहेत. आपण सगळे बोलतो एक आणि मनात दुसरंच, त्याचा तो कोश करतोय. आणि सामाजिक समज कमी कोणाची, तर त्याची! हेच ऑक्सिटोसिन गोठ्यात म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचतात. काकूला चालेल का, लेखिकाबाईंना विचारून कळवा.

जाता जाता, गुरुवारी तुम्ही बुधवारचंच सुडोकू पुन्हा छापलंत. दादाने कार्यालयात दोनदा फोन केला. पलीकडून “बघतो” म्हणाले. तो चार दिवस फोनजवळ बसून आहे. कोणीतरी त्याला फोन करा, किंवा वहीत काय लिहायचं ते तरी सांगा.

– एक वाचक, पुणे