बिअरच्या टॅपमागच्या दादांना, मनापासून

दादा, नमस्कार.

आधी तक्रारी सांगते, म्हणजे आभार कशाचे ते नीट कळेल.

बिअर मी पहिल्यांदा प्यायले ती लग्नानंतर, नणंदेच्या यजमानांच्या आग्रहाखातर. स्ट्राँग, आणि दात शिवशिवतील इतकी गार. त्याआधी बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून ‘ग्लिसरीन काढायचा’ विधी यथासांग पार पडला. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, “होते हळूहळू सवय.” परमिट रूमच्या फॅमिली सेक्शनमधल्या वेटरांनी मेन्यूकार्ड कायम ह्यांच्याच हातात दिलं आणि मला न विचारता फ्रेश लाइम सोडा आणून ठेवला. वाइन शॉपवाल्याने बाटली तत्परतेने काळ्या पिशवीत घातली, का तर माझी अब्रू झाकायला. तीच बाटली सकाळपासून त्याच्या काचेत उन्हात उभी होती, त्याचं त्याला काही नव्हतं. (बिअरला ऊन लागलं की त्यातल्या हॉप्समुळे, म्हणजे कडवटपणासाठी घालतात त्या फुलांमुळे, उग्र वास सुटतो, म्हणून तर बाटल्या तपकिरी असतात. हे मला आता कळतं. त्याला धंदा करून कळलं नव्हतं.)

एकदा एका मोठ्या हॉटेलात ‘टेस्टिंग सेशन’लाही गेले. तिथल्या गृहस्थांनी प्रोजेक्टर लावून आम्हाला कशाची चव लागली पाहिजे ते सविस्तर सांगितलं. कशाची लागतेय, ते एकालाही विचारलं नाही.

मग ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीला तुमच्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर तिथेच बनवून तिथेच देतात त्या जागी, आलो. तुम्ही सॅम्पलरचे छोटे ग्लास ओळीने मांडलेत. त्यातला गढूळ पिवळा हेफेवाइझन (जर्मन पद्धतीची बिअर) मी नाकाशी नेला आणि म्हटलं, “ह्याला पिकल्या केळ्याचा वास येतोय.” सगळं टेबल हसलं. “वहिनी, शिकरण नाहीये हो ती!”

तुम्ही हसला नाहीत. टॅप बंद केलात, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, “बरोबर. अजून काय येतंय?”

आणि थांबलात. मागे लोक रिकामे ग्लास पुढे करून उभे होते, एकजण काउंटरवर बोटं वाजवत होता, तरी थांबलात. मी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. “लवंग?” तुम्ही मान हलवलीत. “दोन्ही यीस्टची करामत. आम्ही केळंही घालत नाही नि लवंगही.”

दादा, मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दरवर्षी बारावीच्या पोरांकडून एस्टर टेस्ट करून घेते. टेस्टट्यूबमधून फळांसारखा वास आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट ह्या एस्टरचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण त्या टेबलावर मी वहिनी होते, आणि वहिनीच्या नाकावर विश्वास ठेवायची आपल्याकडे रीत नाही. तुम्हाला ना माझी पदवी माहीत होती ना नोकरी. तरी तुम्ही विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलात. घरी येताना गाडीत माझे डोळे भरून आले. ह्यांना वाटलं, चढली.

निघायच्या आधी तुम्ही आत जाऊन मूठभर माल्ट आणून माझ्या तळहातावर ठेवलंत. फिकट दाणे कुरकुरीत, गोडसर. काळे दाणे जळकट, कॉफीच्या वळणाचे. माल्ट म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. अहो, नाचणीचं सत्त्व आमच्याकडे असंच करतात! मोड येताना तयार होणारी एन्झाइम्स पुढे साधारण 65 अंशांच्या पाण्यात पिठूळ दाण्याची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल करतं. इतकी वर्षं पोरांना एन्झाइम्स शिकवतेय, ती अशी चावायला पहिल्यांदाच मिळाली.

तेव्हापासून जे वेड लागलंय ते लागलंय. 1516 चा बव्हेरियाचा कायदा वाचला: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्टचं नावच नाही, कारण ते काय काम करतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पाश्चरने बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं ते 1876 मध्ये, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने यीस्टचं शुद्ध वाण वेगळं काढलं ते 1883 मध्ये. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ जो खरा राबत होता त्याचं यादीत नाव नव्हतं. वाचून मला घरोघरच्या काही बायका आठवल्या, पण ते राहू दे. डूलाली नावाच्या कंपनीने पुण्यात मायक्रोब्रुअरी काढली ती 2009 मध्ये. म्हणजे हे सगळं इतकी वर्षं माझ्याच गावात होतं, फक्त मला कोणी ‘या’ म्हटलं नव्हतं.

आता घरात ग्लिसरीनचा विधी बंद. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू देत नाही, कारण फार गार केलं की वास दबतो. पिण्याचा परवानाही रीतसर काढला. आमच्या घरात तो फक्त माझ्याकडे आहे, वर्षानुवर्षं पिणाऱ्यांकडे नाही. पिते म्हणाल तर एकच ग्लास, तोही रेंगाळत.

ज्याला काही माहीत असतं त्याला ते समोरच्याच्या डोक्यावर आदळायची भारी घाई. मी शिक्षिका आहे, हा रोग रोज स्टाफरूममध्ये बघते. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तरी तुम्ही आधी विचारलंत. अशी माणसं असतात हो, बँकेच्या खिडकीपलीकडे, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, एसटीच्या चौकशीवर. एखादंच भेटतं, पण भेटलं की तो दिवस सरळ जातो. त्यांना कोणी पत्र लिहीत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन येतेय. त्यातल्या एकीला चवीतलं काही कळत नाही, असं तिच्या घरचे सगळ्यांसमोर सांगतात. सॅम्पलर तिच्यापुढे ठेवा, आणि केळं-लवंग आधी सांगू नका.

तुमची,
केमिस्ट्रीच्या मॅडम