एमआरआय नॉर्मल, म्हणून बाई खोटी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कीमोचा मेंदूवरचा परिणाम आता एमआरआयमध्ये दिसणार’ हे कालचं तुमचं शीर्षक आमच्या घरात मोठ्याने वाचलं गेलं. जाऊबाईंनी लगेच विचारलं, “मग तुमच्यात कसा नाही दिसला?”

स्तनाच्या कॅन्सरची कीमो होईपर्यंत बागेचा हिशेब माझ्याकडे असायचा. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली की भाडं, हमाली वजा करून आकडा मी तोंडी सांगायचे. कीमोनंतर तीच पट्टी घेऊन बसले की वरची रक्कम खाली येईपर्यंत डोक्यातून जायची. सासूबाईंचं निदान तयार होतं, “सोंगां सगळी!” शेवटी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं, मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, “ताई, आता वय झालं. मन रमवा.” तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते. रमवते आहे.

तुमच्या विद्वान बातमीदाराने एवढं तरी लिहायचं, की संशोधनातला एमआरआय वेगळ्या तऱ्हेने वाचतात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१० चा अभ्यास घ्या. कीमो घेणाऱ्या १७ बायका, शिवाय कीमो न घेतलेल्या रुग्ण आणि निरोगी बायका. कीमोच्या आधी स्कॅन, संपल्यावर महिन्याने आणि पुन्हा वर्षाने. महिन्याने कपाळामागच्या आणि आणखी काही भागांतला मेंदूचा करडा थर (ग्रे मॅटर) विरळ झालेला, वर्षाने थोडाफार भरून आलेला. हा फरक संगणकाने गटागटांची तुलना केल्यावर हाती लागतो. एकट्या बाईची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून तो दिसत नाही. आपल्याकडे रिपोर्ट लिहिणारे गाठ, रक्तस्राव वगैरे बघतात. ते मला नव्हतं, देवाची कृपा. पण पट्टीचा आकडा हरवायचा तो हरवतोच.

आता तुमचं शीर्षक वाचून कुणीतरी उसनवारी करून मशीनमध्ये जाऊन पडेल आणि नॉर्मल कागद घेऊन घरच्यांची बोलणी खाईल. तिला काय सांगणार आहात?

जाता जाता : बातमीखाली ‘उर्वरित पान ९ वर’ असं होतं. पान ९ वर फक्त आंब्याच्या खताची जाहिरात. मी सगळा अंक चाळला, मग मुलालाही चाळायला लावला. नाहीतर तेही माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

आपली,
एक वाचक, देवगड