रकान्यातला तो एक शब्द

भायखळा, मुंबई

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात तुम्हां दोघांना सलाम.

परळच्या जागेचे जमले नाही, एवढेच मी फोनवर सांगितले होते. बाबांनी पुढे काही विचारले नाही, पण आईने दोनदा विचारले, म्हणून सगळे लिहून कळवते.

आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे महिनाअखेर जागा सोडायची आहे आणि ह्यांची नोकरी सुटून चार महिने झाले आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परळची खोली भाड्याला झेपणारी होती आणि मुलाची शाळाही चालत जाण्याच्या अंतरावर होती. एजंटने नावे लिहून घेतली. बोलता बोलता रविवारच्या उपासनेचा विषय निघाला आणि आम्ही ख्रिस्ती असल्याचे मी सांगितले, तेव्हा त्याने पेन खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, आडनावावरून कोणाला कळतंय? मालकांना सांगू नका. दारावर वचन लावू नका, प्रार्थनेला माणसं बोलावू नका. अकरा महिने सुखात काढा."

मी एक दिवसाची मुदत मागून घेतली. खरे सांगते, त्या रात्री माझे मन हो म्हणण्याकडेच झुकले होते. उत्तम शुक्रवारी आपण दरवर्षी शिष्य पेत्राने येशूला नाकारल्याचा भाग वाचतो; शेकोटीपाशी त्याला कोणी तलवार दाखवली नव्हती, एका दासीने साधा प्रश्न विचारला होता, हे त्या रात्री मला प्रथमच उमगले.

आणि मग बाबांच्या पत्र्याच्या पेटीतला तो पिवळा पडलेला अर्ज डोळ्यांपुढे आला. धर्माच्या रकान्यात आधी काही लिहून खोडलेले आणि शेजारी दुसऱ्या शाईने 'ख्रिस्ती'. अनुसूचित जातींच्या सवलती 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. 1956 साली त्यांत शीख आले, 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. 'हिंदू' लिही, बाकी मी पाहतो, असे गुरुजींनी मायेनेच सांगितले असताना बाबांनी तो शब्द खोडला, शिष्यवृत्ती गेली, वर्षभरात कॉलेज सुटले आणि उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. सोळाव्या वर्षी मी तुमच्याशी किती भांडले होते, बाबा! एका शब्दाने आपले घर वर आले असते, असे मी म्हटले होते. तुम्ही गप्प राहिलात. आई चुलीपुढून म्हणाली, "लिहिलं असतं तर शिकले असते. पण संध्याकाळी प्रार्थनेला कोणाच्या नावानं बसले असते?" ज्यांनी पोटासाठी वेगळे लिहिले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आपल्याच बाकावर बसतात आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही; पण आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते आणि त्या रात्रीही नव्हते.

आईच्या लाडक्या पंडिता रमाबाईंचीही आठवण झाली. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी 1889 साली इथेच, मुंबईत, विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. कोणत्याही मुलीवर धर्म लादायचा नाही हा शब्द त्यांनी दिला होता, पण स्वतः प्रार्थना करताना खोलीचे दार लावून घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या, 1893 साली गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातली मोठी माणसे बाजूला झाली, तरी दार उघडेच राहिले. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्या उघड्या दाराचे मोल अधिक वाटते, कारण त्यात कोणावर जबरदस्ती नव्हती आणि लपवालपवीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एजंटला मालकांना सगळे स्पष्ट सांगायला लावले. तासाभरात नकार आला.

त्यानंतरचे दिवस नकारापेक्षा जड गेले. मनात इतका कडवटपणा साठला होता की प्रार्थनेचे शब्द ओठांपर्यंत येऊन थांबत. हे रोज रात्री त्या मालकांचे नाव घेऊन प्रार्थना करत, त्यांच्या घराला आशीर्वाद मागत, आणि मी मान खाली घालून तशीच बसून राहत असे. गावात पाण्यावरून आपल्याला अडवले, त्या वर्षी आई अडवणाऱ्यांच्याच घरी बाळंतिणीला पाहायला गेली होती; ते तिला कसे जमले असेल, हे विचारायचे राहून गेले. मला 'आमेन' म्हणायला तीन आठवडे लागले.

परवा बदलापूरला एक खोली पाहिली. मालकीणबाईंना मी पहिल्याच वाक्यात सांगितले की आम्ही ख्रिस्ती आहोत आणि शुक्रवारी घरी प्रार्थना असते. त्या म्हणाल्या, "भाडं पाच तारखेच्या आत द्या म्हणजे झालं." मुलाची शाळा बदलावी लागेल आणि भायखळ्याच्या उपासनेला येण्यासाठी रविवारी पहाटेच लोकल धरावी लागेल, पण ते होईल.

पुनरुत्थानाच्या सणाला दोघेही या. आई, गायनाचे पुस्तक आण, आमचे सामानात कुठे गेले ते सापडत नाही. आणि बाबा, तो अर्ज घेऊन या; मुलाला तो तुमच्या हातून दाखवायचा आहे.

तुमची लेक