पीअर सपोर्टर नेमताय? आधी कामाचा कागद तयार करा

संपादक महोदय,

मानसिक आरोग्यसेवेत पीअर सपोर्टर असावेत, ही सूचना आता वारंवार होते. मानसिक आजारातून स्वतः गेलेला माणूस, रीतसर प्रशिक्षण घेऊन, त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला सोबत करतो, इतकी साधी ही कल्पना. घोडं अडतं ते नेमणुकीनंतर. रुजू झालेल्या माणसाला काम काय द्यायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. मग जे पडून असेल ते त्याच्या गळ्यात येतं: केसपेपर शोधणं, रांग लावणं, रुग्णाला तपासणीला नेऊन आणणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘तो गोळ्या घेतो का, जरा बघून सांग.’

हे शेवटचं काम एकदा केलं की त्या वॉर्डातला त्याचा उपयोग संपला. रुग्णांच्या लेखी तो खबऱ्या ठरतो. गोळ्या देणं आणि त्यांची नोंद ठेवणं हे नर्सचं काम. पीअर सपोर्टरचा गोळ्यांशी संबंध यायचा तो असा: ‘दिवसभर गुंगी असते, पण डॉक्टरांसमोर बोलायला सुचत नाही,’ असं कुणी म्हणालं, तर शेजारी बसून ते कागदावर उतरवायला मदत करायची. गुंगी किती वाजता चढते, किती तास राहते, तिच्यामुळे कोणतं काम अडतं. तीन ओळी पुरतात. त्याची इच्छा असेल तर तपासणीच्या वेळीही सोबत जायचं. डोस वाढवा, कमी करा, सोडून द्या, यातलं काहीही बोलायचं नाही. ‘मलाही हीच गोळी होती’ हे वाक्यसुद्धा जपून, कारण ऐकणारा त्यातून सल्ला काढतोच.

स्वतःचा अनुभव हे या कामातलं अवजार आहे आणि ते काढून परत जागेवर ठेवता आलं पाहिजे. समजा कुणी विचारलं, ‘घरी गेल्यावर शेजाऱ्यांना काय सांगायचं?’ आपण काय सांगितलं होतं ते दोन-तीन वाक्यांत सांगावं आणि लगेच त्याच्याकडे वळावं: ‘तुम्हाला कुणाला सांगावंसं वाटतं? कुणाला अजिबात नाही?’ आपली गोष्ट लांबली आणि समोरचाच आपली समजूत घालायला लागला, तर भूमिका उलटल्या असं समजावं. जी जखम अजून ओली आहे ती कामावर आणू नये. ‘मी बरा झालो, तूही होशील’ हे तर टाळावंच. ज्याचा आजार तिसऱ्यांदा उलटला आहे त्याला त्यात धीर नाही, स्वतःचा कमीपणा ऐकू येतो.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी, आणीबाणी आल्यावर नव्हे. ‘तुमचं बोलणं मी सगळीकडे सांगत नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर टीमला सांगेन, आणि शक्यतो तुमच्यासमोरच.’ मरणाचा विषय निघाला तर आडवळणं न घेता, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, ड्यूटीवरच्या डॉक्टर किंवा नर्सला तिथेच बोलावून घ्यायचं. खासगी मोबाइल नंबर देणं, उसने पैसे देणं, ‘हे फक्त आपल्या दोघांत’ असं वचन देणं, या तिन्ही गोष्टी चांगुलपणापोटी होतात आणि या तिन्हींमुळेच हे काम फसतं.

आता संस्थांच्या वाट्याचं. एकाच पीअर सपोर्टरला नेमू नका, निदान दोघे हवेत. एकटा पडलेला माणूस काही महिन्यांत एक तर स्टाफसारखा बोलू लागतो, नाही तर चहाच्या वेळी रुग्णांवर होणाऱ्या विनोदांना कंटाळून निघून जातो. पगार द्या, मानधनाचं पाकीट नको. पर्यवेक्षण ठरलेल्या वेळी आणि कामाविषयी असावं. त्याचा मूड तपासण्याची ती जागा नव्हे. पर्यवेक्षक त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर कधीच नसावा.

ही काही आजची टूम नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ हा व्यवस्थापक बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच मदतनीस निवडत असे. तो स्वतःही पूर्वी तिथला रुग्ण, अर्थात मानसिक आजाराचा नव्हे, गंडमाळेचा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ साली पीअर सपोर्ट ही मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, पैसे मिळणारी सेवा केली, तेव्हा कुठे ती नोकरी म्हणून उभी राहिली. मात्र खाटा किती रिकाम्या झाल्या यावर तिचं मोजमाप करणाऱ्यांची निराशा होईल. आजवरच्या अभ्यासांत आशा, आत्मविश्वास, आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात असल्याची भावना यांवर परिणाम दिसतो. लक्षणं आणि पुन्हा भरती होणं यांवर तो फारसा स्पष्ट नाही.

राहिला रजेचा प्रश्न. इतर कुणी दोन दिवस आला नाही तर ताप आला असेल म्हणतात, पीअर सपोर्टर आला नाही की ‘पुन्हा सुरू झालं वाटतं’. नियम सर्वांना एकच असावा. त्याला हवं असेल तर रुजू होतानाच त्याने स्वतः एक पान लिहून ठेवावं: तब्येत बिघडू लागल्याच्या खुणा कोणत्या, त्या दिसल्या तर कुणी बोलायचं, त्या काळात कोणतं काम कमी करायचं, कोणतं चालू ठेवायचं. पान त्याच्या मालकीचं. प्रत पर्यवेक्षकाकडे, पर्सोनेल फाइलमध्ये नाही.

— पीअर सपोर्टरांच्या पर्यवेक्षणाचं काम करणारा एक वाचक