आईला उन्हाळा दाखवणाऱ्या गाडीवाल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की "त्यात काय एवढं, ताई" म्हणत तुम्ही गाडी चालू करता. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

झटका येऊन गेल्यापासून आईची डावी बाजू पुरती साथ देत नाही. काठीने थोडं चालते, पुढे चाकाची खुर्ची लागते. मे महिन्यात भाऊ मुलांना घेऊन आला, तेव्हा ठरलं की लांब कुठे नको. सकाळी निघून दिवे लागायच्या आत परत येता येईल असंच फिरायचं. साताऱ्यात राहणाऱ्याला अशा जागांची काय कमी! अडलं ते गाडीपाशी. एका ट्रॅव्हल्सवाल्याने आगाऊ पैसे घेतले, सकाळी दारात खुर्ची पाहिली आणि "पेशंट आहे हे आधी सांगायचं ना" म्हणत गाडी वळवून नेली. आई नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती. तिच्या देखत हे झालं. दुसऱ्याने फोनवरच विचारलं, सीट खराब झाली तर भरून कोण देणार? नात्यातल्या एकाने सल्ला दिला, "या वयात कशाला दगदग, घरात टीव्ही आहे की." या माणसांचा मला अजून राग येतो. कारण त्यानंतर आईने एकच धरून ठेवलं, "तुम्ही जाऊन या, मी थांबते घरी."

मग तुम्ही भेटलात. वडापची गाडी तुमची, माणशी भाड्याने फेऱ्या मारणारी. दिवसभराच्या फेऱ्या सोडून आमच्याबरोबर आलात. पहिल्यांदा जवळच, संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेचा संगम आईने गाडीत बसूनच पाहिला, कारण तिचा पाय गाडीच्या पायरीपर्यंत उचलत नव्हता आणि घरातून निघताना आम्ही दोघा भावंडांनी तिला अक्षरशः उचलून आत घातलं होतं. आळीतली माणसं बघत होती. ती वाटभर गप्प होती. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत.

पुढच्या वेळी आलात ते लाकडी पाट घेऊन. बुटका, चार पायांचा, तुम्ही स्वतः ठोकलेला. सरकू नये म्हणून पायांना जुन्या टायरचे तुकडे मारलेले, वर पोत्याची घडी खिळ्यांनी बसवलेली. दार उघडून पाट खाली ठेवलात, हाताने दाबून हलतो का बघितलंत आणि म्हणालात, "मावशी, निवांत चढा. कुणाला घाई न्हाई." आणि पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. भाच्यालाही खांद्याला धरून वळवलंत. आई दाराची कड धरून, धापा टाकत, तिच्या वेळेने चढली आणि आतून म्हणाली, "बसले." तेव्हाच तुम्ही वळलात.

दादा, पाटाबद्दल आभार आहेतच. पण तुमच्या त्या पाठ फिरवण्याचे आभार कसे मानू? आजारपणात आईला हात देणारे पुष्कळ भेटले, पण ती धडपडत असताना नजर बाजूला घेणारे तुम्ही पहिलेच. त्यानंतर "मी थांबते घरी" हे आमच्या घरात ऐकू आलं नाही.

मग वाई झाली. 1762 साली रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती का, तर पुराचं पाणी दुभंगावं म्हणून, हे आईनेच नातवंडांना सांगितलं. पसरणी घाटात गाडी सावलीला लावून करवंदांचे द्रोण घेतले, बोटं चिकट झाली. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत मुलं खाली उतरली, आईला ते शक्य नव्हतं. तुम्ही तिच्याबरोबर वर झाडाखाली थांबलात. आम्ही वर आलो तर तुमचं दोघांचं नाडा-सोंदूर म्हणजे मोटेचे दोर, मोटेचे बैल आणि तुमच्या आजोबांची विहीर यावर रंगात आलेलं बोलणं चाललं होतं. झटक्यानंतर आईला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. शब्द अडखळत होते, तुम्ही एकही तिच्या तोंडातून ओढून घेतला नाहीत.

चांगुलपणाला पैसा लागत नाही म्हणतात. तुमची तर त्या दिवसांची वडापची कमाई गेली, आणि ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. अशी माणसं आपल्या गावोगावी आहेत, स्टँडवर, रसवंतीवर, देवळाच्या पायरीशी. त्यांच्या गाडीवर कुठली पाटी नसते, म्हणून आपण आधी पाटीवाल्यांकडे जातो आणि अपमान करून घेतो.

आता पाऊस सुरू होईल. सप्टेंबरात आईला कासची फुलं पाहायची आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे फार गर्दी असते, तेव्हा मधलाच वार धरू. गाडी तुमचीच. आणि आईने खास निरोप दिलाय: त्या दिवशी वहिनींना आणि मुलांनाही घेऊन या, सगळ्यांचा डबा आमच्याकडून.

तुमची,
ताई