आईच्या गुडघ्याखालची उशी

पुणे, २ मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

सांगलीहून निघताना एक गोष्ट बोलायची राहून गेली. समोर बोलले असते तर बाबांना लागले असते आणि आईने विषय चहावर नेला असता, म्हणून लिहून कळवते.

बाबा, गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर आईच्या गुडघ्याखाली तुम्ही मायेने ठेवता ती उशी कृपा करून काढा. तिच्यामुळे दुखणे कमी होते हे खरे. पण जखम भरून येताना सांध्याभोवती जे नवे ऊतक तयार होते, ते पाय ज्या स्थितीत जास्त वेळ राहील त्याच स्थितीत आखडत जाते. शनिवारी फिजिओथेरपिस्टबाईंनी कोनमापक लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. गुडघा ७५ अंशांपर्यंत वाकला आणि सरळ होताना १० अंश कमी पडले. आपण सगळे ७५ कडे बघत राहिलो. मला मात्र त्या १० अंशांची काळजी जास्त वाटते, कारण पाय पूर्ण सरळ झाला नाही तर चालताना लंगडणे राहते आणि मांडीच्या स्नायूंना विसावा मिळत नाही. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवावी, गुडघा अधांतरी राहील अशी, आणि आईने मांडी आवळून गुडघा खाली दाबावा.

आई, ऑपरेशनला सहा आठवडे झाले. "सुटेल आपोआप" असे तू म्हणतेस. सूज उतरेल, तिला काही महिनेही लागतील, पण वाकणे आपोआप येत नाही. दुखते म्हणून व्यायाम टाळायचा, टाळला म्हणून गुडघा आखडायचा आणि आखडला म्हणून पुढच्या वेळी अधिक दुखायचे, या फेऱ्यात तू सापडली आहेस. सवय लागेल या भीतीने तू डब्यात जपून ठेवलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या किती आधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचार. व्यायामानंतर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. बाबांची गरम पाण्याची पिशवी तूर्त कपाटात राहू दे. शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या मालिशवाल्याला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका. जोर लावून गुडघा वाकवायची वेळ आलीच, तर ते काम सर्जनचे आहे.

ते भूल देऊन करतात. त्यात चिरफाड नसते. आत धरलेले चिकट पट्टे सुटावेत म्हणून गुडघा हळूहळू वाकवतात. हाड मोडण्याचा थोडा धोका असतो, आणि लगेच व्यायाम सुरू केला नाही तर मिळवलेले पुन्हा हातचे जाते. परंतु साधारण पहिल्या तीन महिन्यांत त्याचा उपयोग जास्त होतो. पुढे पट्टे घट्ट झाले की दुर्बिणीतून सोडवावे लागतात. म्हणूनच बाबांचे "दिवाळीपर्यंत बघू" मला पटत नाही. याच आठवड्यात सर्जनना दाखवू. जंतुसंसर्ग नाही ना आणि सांधा नीट बसला आहे ना, हे त्यांना आधी तपासू द्यावे. मधुमेहात गुडघा आखडण्याची शक्यता वाढते, तेव्हा साखरेची वही सोबत असावी. मध्येच ताप आला, जखमेतून पाणी आले किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर माझी वाट पाहू नका.

देवापुढे पुन्हा मांडी घालून बसायचे तुझ्या मनात आहे, ते बहुधा जमणार नाही, आई. ऑपरेशनच्या आधीच तुझा गुडघा जेमतेम ९० अंश वाकत होता, आणि नंतर किती वाकेल हे बरेचसे त्यावरच ठरते. देवघरात खुर्ची ठेवू, गणपतीला चालेल. सपाट चालायला ६५-७० अंश पुरतात, ते तुला आलेच आहेत. जिन्याला मात्र ९० ते १०० लागतात, आणि माझे सगळे लक्ष त्या जिन्यावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात आपल्या घरात शिरले, तेव्हा तू स्वतःच्या पायांनी माडीवर गेली होतीस, वर दोन्ही हातांत पिठाचे डबे घेऊन.

पावसाळ्याला फार दिवस नाहीत. मी शुक्रवारी रात्री येते. तोवर बाईंनी मोजलेला आकडा बाबांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत जावा, दोन्ही बाजूंचा: किती वाकला आणि किती सरळ झाला.

तुमची,
लेक