इंजिन किती खोलायचे?

देवगड,
12 मार्च

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे आकडे मिळाले. तुझ्या 1967 च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन खाली उतरवून ‘फुल इंजिन’ काम, म्हणजे ते संपूर्ण खोलून नव्याने बांधणे, करायचे, सिलिंडर मोठे करून क्षमता 1798 वरून 1950 सीसीपर्यंत न्यायची, वर व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारा तिखट कॅमशाफ्ट बसवायचा आणि हे सगळे दीड लाखात भागवायचे, हा तुझा बेत मला पटलेला नाही. पैसे कमी पडतील हे एक कारण झालेच, पण तू स्वतः घेतलेली मोजमापेच या बेताच्या विरुद्ध साक्ष देत आहेत.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचे, आकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहा. गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला 145 ते 150 पौंड दाब आला, तिसऱ्याला मात्र 105. चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावरही तिसऱ्याचा काटा जेमतेम 110 वर गेला. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब चांगलाच वाढला असता. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधली सीलपट्टी, दोन आणि तीनच्या मधे फुटलेले असते तर दोन्ही शेजारी एकदम खाली आले असते. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधूनच निसटतो आहे. त्यातच तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट पुनःपुन्हा घट्ट होतो आणि 0.38 मि.मी. ठेवलेली व्हॉल्व्हची फट काही महिन्यांत नाहीशी होते, असे तू सहज ओघात लिहिले आहेस. माझ्या मते तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट, म्हणजे मिटताना तो जिथे टेकतो ती कड, हेडच्याच बिडात कोरलेली असते, आणि जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर तिला सांभाळून घेत असे. 2000 सालापासून आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि ते संरक्षण गेले. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो, फट संपते, मग तो नीट मिटत नाही आणि जळतो. शिवाय दोन आणि तीनचे एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडत असल्याने सर्वाधिक उष्णता तिथेच कोंडते.

आंबा घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दिला की निळा धूर दिसतो, असेही तू लिहितोस. तोही बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून, झिरपणाऱ्या ऑइलचा असावा, कारण रिंगांचा धूर चढावर, इंजिन ओढत असताना, अधिक दिसतो. ऑइलचा दाब चालत्या गाडीत 55 पौंड आणि गरम इंजिन मंद फिरताना 18 असेल, तर क्रँक आणि बेअरिंगना तूर्त हात लावायची गरज नाही.

म्हणून फक्त हेड उतरव. त्यासाठी इंजिन गाडीतून काढावे लागत नाही. हेड कोल्हापूरला उद्यमनगरात पाठव आणि चारही एक्झॉस्ट सीट कठीण धातूच्या बसवून घे. एकच बिघडली म्हणून एकच बदलण्याची काटकसर इथे नको, कारण उरलेल्या तिघींनीही तेच पेट्रोल पचवले आहे. नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, नवे गाइड आणि व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणे, यांवर मनसोक्त खर्च कर. हेडचा पृष्ठभाग मात्र पट्टी लावून खरोखर वाकडा आढळला तरच घासू दे. काम होऊन आले की हेड उलटे ठेवून प्रत्येक दहनकक्षात रॉकेल ओत आणि पोर्टमध्ये बोट घालून पाहा. बोट ओले झाले तर हेड परत पाठवायचे, मग कारागीर काहीही म्हणो.

हेड निघाल्यावर मात्र एक परीक्षा राहते. सिलिंडरच्या वरच्या काठाखाली, जिथे वरच्या रिंगेची धाव संपते, तिथे अंगठ्याचे नख खालून वर ओढून पाहा. नुसती रेष जाणवली तर चिंता नाही, नख अडकून थांबले तर सिलिंडरचा व्यास मोजणाऱ्या बोअर गेजने त्या कडेच्या लगेच खाली आणि तळाशी मोजायचे. दोहोंतला फरक 0.15 मि.मी.च्या पुढे गेला तर मी ‘हाफ इंजिन’ला, म्हणजे रिबोर (सिलिंडर पुन्हा कोरणे), नवे पिस्टन आणि रिंगांना, बिनतक्रार होकार देईन. त्याच्या आत असेल तर हेड बसवून बंद करायचे. जुन्या रिंगांवर नवे हेड चढवले की इंजिन ऑइल खाऊ लागते, ही तुझ्या चाचा मिस्त्रींची धास्ती खोटी नाही, पण ती बोअर संपलेल्या इंजिनांबाबत खरी आहे, आणि तुझ्या तीन सिलिंडरांचा दाब तसे सांगत नाही.

1950 सीसीचा नाद तू सोडावास असे मला मनापासून वाटते. या ब्लॉकला कंपनीच्या हिशेबाने साधारण एक मि.मी.पर्यंतच मोठे पिस्टन मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा म्हणजे ब्लॉकचे एकेक पुढचे आयुष्य असते. तू ती सगळी आयुष्ये एका फटक्यात उडवायला निघाला आहेस, आणि तेही गणपतीपुळ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, जिथे तिसरा गिअर क्वचितच सुटतो!

शिवाय या गाडीत क्लच बदलायलाही इंजिन काढावेच लागते. आज क्लच घसरत नसेल तर इंजिन उतरवण्याचा मुहूर्त त्यालाच ठरवू दे. त्या वेळी संप, म्हणजे तळाचे ऑइलचे भांडे, काढून क्रँकची शेल बेअरिंग पाहता येतील, आणि तोवर इंग्लंडहून सुटे भाग मागवण्याचे, त्यांच्या टपालाचे आणि सीमाशुल्काचे पैसे जमतील.

चाचांच्या हाताखाली जुन्या अँबॅसिडरची कितीतरी इंजिने गेली आहेत, ही तुझी खरी मिळकत आहे. तिचे 1489 सीसीचे इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातले, स्ट्रोकही तोच, 88.9 मि.मी. मात्र त्यांच्याकडे पडून असलेले पिस्टन तुझ्या कामाचे नाहीत, कारण तिचा बोअर 73 मि.मी. आणि तुझा 80.26. 1990 च्या दशकातल्या अँबॅसिडरचे 1800 सीसी इंजिन तर इसुझूचे, त्याच्याशी आपला काडीचाही संबंध नाही.

वाचलेल्या पैशांतून आधी रेडिएटर आणि ब्लॉकमधला गाळ काढून घे, विशेषतः मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवतीचा. खाऱ्या हवेत विहिरीचे मचूळ पाणी घालत राहिलास तर नव्या सीटही उष्णतेने जातील. गंजरोधक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच वापर. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकतील अशा नळ्या घाल, दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या सील आणि गॅस्केट बदल, आणि पावसाळ्यात गाडी झाकून ठेवण्यापूर्वी त्यांचे फ्लोट चेंबर रिकामे कर, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते.

आंब्याची पहिली पेटी घेऊन मी महिनाअखेरीस रत्नागिरीला येतो आहे. बोअर गेज माझ्याकडे आहे, ते सोबत आणीन. तोपर्यंत चाचांना हेड उतरवून ठेवायला सांग, पण पिस्टनची मागणी नोंदवू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत